शुक्रवार, साडेदहा ते बारा

मला राग पटकन येतो. आधीच सांगून टाकतो, उगाच पुढं कुणी मला मोठा समजूतदार अधिकारी समजायला नको. बेळगावकडच्या आमच्या घरात सगळेच तापट. बंगळूरला बदली झाली तेव्हा बायको म्हणाली होती, बरं झालं, तिथली हवा थंड असते, तुमचं डोकं जरा निवेल. हवा खरंच थंड होती. पण कचेरीत माझ्या वाट्याला तो माणूस आला, आणि पुढची दोन वर्षं माझं डोकं काही निवलं नाही.

छप्पन साली राज्यांची नव्यानं मांडणी झाली आणि मुंबई राज्यातले आमच्यासारखे कारकून बसल्या जागी म्हैसूर राज्याचे नोकर झाले. दोन-तीन वर्षांनी मला बढती मिळाली ती थेट बंगळूरच्या मुख्य कचेरीत, अधीक्षक म्हणून. हाताखाली नऊ माणसं. त्यांतल्या आठ जणांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. कामं करत, कॉफी पीत आणि पाच वाजून वीस मिनिटं झाली की टेबल आवरायला लागत. नववा होता जावक कारकून.

जावक म्हणजे कचेरीतून बाहेर जाणारं टपाल. साहेबांची सही झालेला प्रत्येक कागद त्याच्या टेबलावर यायचा. त्यानं तो वहीत नोंदवायचा, कागदावर नंबर घालायचा, पाकिटात घालून पत्ता लिहायचा आणि पोस्टात धाडायचा. यात फार अक्कल लागत नाही, हात चालावा लागतो. याचा हात चालत नव्हता. दिवसाला चाळीस कागद यायचे, वीस-बावीस बाहेर पडायचे, उरलेले त्याच्या टेबलावर एका गुळगुळीत दगडाखाली पडून राहायचे. तो दगड बघितला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. जिल्ह्याच्या कचेऱ्यांमधून तक्रारी यायच्या की अमुक पत्र अजून मिळालं नाही. साहेब मला विचारायचे, मी त्याला विचारायचो आणि तो मान हलवून म्हणायचा, "होतं अण्णा, स्वल्प थांबा."

हे अण्णा प्रकरण वेगळंच. तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. घर चामराजपेटेत, घराणं मराठी, पण तीनशे वर्षांपूर्वी इकडं येऊन राहिलेलं. त्याच्या मराठीत निम्मे शब्द कानडी आणि उरलेले असे जुने, की माझी आजीही तसे बोलत नव्हती. नवा अधीक्षक मराठी बोलतो हे कळल्यावर त्याला इतका आनंद झाला, की पहिल्याच दिवशी त्यानं मला अण्णा करून टाकलं. मी बजावलं की हे घर नव्हे, कचेरी आहे, इथं मला सर म्हणायचं. त्यावर तो अगदी नम्रपणे म्हणाला, "सरी, अण्णा." सरी म्हणजे कानडीत बरं. मी कपाळावर हात मारून घेतला.

आता त्याची बाजूही सांगतो, कारण तीच या गोष्टीतली खरी गोष्ट आहे. तो मूळचा कारकून नव्हता. चौदा वर्षं याच कचेरीत अटेंडर होता. खाकी कोट घालायचा, फायली एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर न्यायच्या, कागदांना भोकं पाडून दफ्तरं शिवायची, साहेबांना पाणी द्यायचं. चाळिशी ओलांडल्यावर हा गडी रोज पहाटे उठून अभ्यास करून परीक्षा पास झाला आणि खात्यानं त्याला कारकून केलं, पण दोन वर्षांच्या उमेदवारीवर. दोन वर्षांनी अधीक्षकानं, म्हणजे मी, लिहून द्यायचं की हा माणूस कायम करण्यास योग्य आहे. नाही लिहिलं तर त्यानं परत खाकी कोट चढवायचा, तोही याच कचेरीत, आणि ज्या आठ जणांच्या बरोबरीनं बसून कॉफी प्यायला लागला होता त्यांच्याच टेबलांवर फायली ठेवत फिरायचं. हे त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, कचेरीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी दगडाखालचा ढीग काही कमी होईना.

मी काय काय नाही केलं. आधी झापलं. झापणं मला जमतं. तो खाली मान घालून सगळं ऐकायचा आणि माझा आवाज बसला की विचारायचा, कॉफी मागवू का. मग लेखी मेमो दिला. तो त्यानं आपल्या फायलीत इतक्या सुबक दोऱ्यानं शिवून ठेवला, की दुसरा द्यायला मलाच लाज वाटली. मग कुणीतरी सुचवलं म्हणून कौतुक करून बघितलं. त्याचं अक्षर मोत्यासारखं होतं. एकेका पाकिटावरचा पत्ता तो लग्नाच्या पत्रिकेवर लिहावा तसा लिहायचा. मी चारचौघांत म्हटलं, असं अक्षर सबंध कचेरीत कुणाचं नाही. झालं! दुसऱ्या दिवसापासून एका पत्त्याला दुप्पट वेळ लागायला लागला.

शेवटी त्याचं टेबल उचलून माझ्या टेबलासमोर आणवलं आणि एका सोमवारी घड्याळ काढून बसलो. त्या दिवशी त्यानं सत्तेचाळीस कागद काढले. दगड बाजूला पडला होता. मी खूश होऊन घरी गेलो, बायकोला म्हटलं, नुसती नजर ठेवायची खोटी होती. मंगळवारीही तीन वाजेपर्यंत गाडी रुळावर होती. तीनच्या ठोक्याला त्यानं टाक खाली ठेवला. मग टाक पुसला, दौत पुसली, टेबल पुसलं, खिडकीबाहेरच्या झाडाकडं बघितलं. मी विचारलं, काय झालं? काही नाही म्हणाला. साडेचारला परत टाक उचलला. मला वाटलं, हा मला मुद्दाम चिडवतोय. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

मग मीही हट्टाला पेटलो. एक छोटी वही केली आणि हा कधी थांबतो, कधी सुरू होतो, त्याची वेळ लिहायला लागलो. अधीक्षकाला शोभणारं काम नव्हे, पण दोन आठवडे केलं. सोमवारी आणि शनिवारी हा माणूस यंत्रासारखा चालायचा. मंगळवारी तीनला बंद. बुधवारी बारापासून दीडपर्यंत. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीनंतर आला तरी तीन वाजेपर्यंत वहीला हात नाही. शुक्रवारी तर कचेरी उघडायची साडेदहाला आणि हा बारा वाजेपर्यंत नुसता बसून. मी ती वही घरी बायकोसमोर आपटली आणि म्हटलं, बघ, हा असा दीड-दीड तास मेल्यासारखा पडतो, वैद्याकडं न्यावं की मांत्रिकाकडं?

तिनं वही वाचली. मग उठून स्वयंपाकघरात गेली आणि किराणा दुकानदारानं दिलेलं कानडी कॅलेंडर खिळ्यावरून काढून घेऊन आली. त्याच्या खालच्या कोपऱ्यात राहुकाळाचं कोष्टक होतं. वार आणि वेळा. माझी वही आणि ते कोष्टक, एका मिनिटाचा फरक नाही. सोमवारचा राहुकाळ सकाळी साडेसातला, शनिवारचा नऊला, दोन्ही कचेरीच्या आधी संपणारे. म्हणून त्या दोन दिवशी गडी मोकळा. बायको पदर तोंडाला लावून हसत सुटली. म्हणाली, तुमचा कारकून तुमच्यापेक्षा वक्तशीर आहे हो.

आमच्याकडं राहुकाळ माहीत नव्हता असं नाही. पण तो लग्नामुंजीला, प्रवासाला बघायचा. रोजच्या सरकारी कागदाला राहुकाळ बघणारा माणूस मी बेळगावात जन्मात पाहिला नव्हता. इथं मात्र भाजीवालीसुद्धा त्या वेळात पहिली बोहनी करायला कां-कूं करायची. दुसऱ्या दिवशी मी त्याला कोपऱ्यात घेतलं. अरे बाबा, म्हटलं, दोन वर्षांतलं दीड वर्ष गेलं, तुझी नोकरी पणाला लागली आहे आणि तू सरकारी वेळात राहुकाळ पाळतोस? हे जर मी साहेबांना सांगितलं तर ते तुला उद्याच्या उद्या खाकी कोट देतील.

त्यानं जे उत्तर दिलं ते माझ्या अजून कानात आहे. म्हणाला, "अटेंडर होतो तेव्हा दिलेला कागद नेऊन पोचवायचा, बस्स. मी कधी काळवेळ बघितली नाही. आता नंबर मी घालतो, अण्णा. नंबर पडला की कागद जन्माला आला. तो कुणाच्या तरी घरी जाणार. कुणाची बदली, कुणाचं पेन्शन, कुणाची नोकरी. राहुकाळात जन्माला घालून कसा पाठवू?"

मी चिडलो होतो. वेडगळपणा होता, मान्य. पण कामचुकारपणा नव्हता. कामचुकार माणसाला सरळ करता येतं. कागद कुणाच्या घरी जाऊन काय करील याची काळजी करणाऱ्या जावक कारकुनाला काय करणार? इतर आठ जणांना तर पाकिटात काय आहे याची फिकीरही नव्हती. मी त्याला खूप समजावलं, ग्रहांवरून वाद घातला, थट्टाही केली. तो ढिम्म. शेवटी मीच हात टेकले.

मग आमचं ठरलं. त्या दीड तासात त्यानं वहीला हात लावायचा नाही, नंबर घालायचा नाही, ठीक. पण रिकामं बसायचं नाही. उरलेल्या कागदांची पाकिटं लिहून ठेवायची, डिंक लावून ठेवायचा, जिल्ह्यांप्रमाणे गठ्ठे करायचे. राहुकाळ सुटला की नुसते नंबर घालायचे आणि वाटेला लावायचे. आणि पत्त्याचं अक्षर साधं काढायचं. त्यानं विचारलं, मधेच एखादा तातडीचा कागद आला तर? मी म्हटलं, "तातडीचा असला तर माझ्याकडं आणून दे. नंबर मी घालीन. राहू माझं काय वाकडं करतो ते बघू." तो पहिल्यांदाच मोकळा हसला. हे सगळं तोंडी. कागदावर काही नाही. असलं कागदावर लिहिणार तरी काय?

आणि काय सांगू, जमलं. महिन्याभरात दगडाखालचा ढीग निम्मा झाला, तीन महिन्यांत दगड नुसता टेबलावर बसून राहिला. जिल्ह्यांच्या तक्रारी थांबल्या. साहेबांनी, ते जरीचा म्हैसुरी पेटा बांधणारे, हळू आवाजात बोलणारे गृहस्थ, एकदा मला बोलावून म्हटलंसुद्धा की तुम्ही त्या माणसाचं काय केलंत? मी नुसता हसलो. सारं श्रेय खिशात घातलं.

त्याच सुमारास त्यानं आम्हा दोघांना घरी जेवायला बोलावलं. चामराजपेटेत एका बोळाच्या टोकाला दोन खोल्या, दारात ठसठशीत रांगोळी. त्याच्या बायकोनं मला अण्णा आणि माझ्या बायकोला अक्का म्हणून केळीच्या पानावर वाढलं, चित्रान्न, कोसंबरी, वर सढळ तूप. बोलता बोलता तिनं फळीवरचा एक चकचकीत पितळी डबा दाखवला. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई दारात आली होती, तिला ह्यांचा खाकी कोट देऊन टाकला आणि हा डबा घेतला, म्हणाली. चौदा वर्षं तो कोट तिनं दर रविवारी धुतला होता. आता परत धुवायचा नाही असं म्हणून ती हसली. तो ओशाळून म्हणाला, अजून कायम झालो नाही, घाई केलीस. तिनं माझ्याकडं बघितलं. मी छातीवर हात ठेवून म्हटलं, काळजी करू नका, अहवाल माझ्या हातात आहे.

अहवालाचा मसुदा मी खरंच करून ठेवला होता. माझ्या टेबलाच्या खणात होता. कायम करण्यास सर्वथा योग्य. पाठवायला पाच आठवडे अवकाश होता.

मग तो शुक्रवार आला. माझ्या भाचीचं लग्न ठरलं होतं आणि बहिणीचं पत्र आलं होतं की बंगळुरी साडी तिथूनच घेऊन पाठव. चिकपेटेत सकाळी गर्दी कमी असते, बायकोला तिथं उभं राहायला सांगितलं होतं. रजा टाकावी एवढं ते काम नव्हतं. कचेरीत आलो, हजेरीवर सही केली, कोट काढून खुर्चीला अडकवला आणि सटकलो. खुर्चीला कोट असला की माणूस कचेरीतच कुठंतरी आहे असं समजतात. ही युक्ती मी बेळगावाहून बरोबर आणलेली. जटका, म्हणजे इकडचा टांगा, केला, तासाभरात परत येऊ म्हटलं. पण साडीचं दुकान आणि दोन बायका, एक माझी आणि एक वाटेत भेटलेली शेजारीण. जांभळी की हिरवी यातच साडेबारा झाले.

कचेरीत शिरलो तर तो माझ्या टेबलाशी उभा. हातात बारा पाकिटं. साहेबांच्या खोलीतून दहा वाजून चाळीस मिनिटांनी आलेली मुलाखतीची पत्रं, तातडीची. पुढच्या बुधवारी उमेदवारांना बंगळूरला बोलावलं होतं. बाराच्या आत पोस्टात पडली तर उत्तरेकडं जाणाऱ्या त्या दिवशीच्या टपालात जाणार. तो माझी वाट बघत होता. बारा वाजून गेल्यावर त्यानं स्वतःच नंबर घातले होते, पण शिपाई तोवर पोस्टाची पहिली फेरी करून आला होता. मी त्याला पुन्हा धाडलं. पत्रं सव्वा एकला पोचली. बाराचं टपाल गेलं होतं.

मी म्हटलं, जाऊ दे, एका दिवसानं काय बिघडतं. त्यानं वही मिटली.

बारांपैकी अकरा जण बुधवारी वेळेवर हजर झाले. बारावा गुरुवारी सकाळी आला. विजापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातला शाळामास्तर, धोतर, काळी टोपी, प्रवासानं चेहरा काळवंडलेला. त्याच्या गावात पोस्टमन आठवड्यातून दोनदा येतो. मंगळवारी आणि शनिवारी. शुक्रवारच्या टपालात गेलं असतं तर पत्र शनिवारी मिळालं असतं. ते मंगळवारी मिळालं. मिळाल्याबरोबर अंगावरच्या कपड्यानिशी निघाला होता. वयाची मर्यादा त्याला त्याच वर्षी संपत होती. तो भांडला नाही, ओरडला नाही. साहेबांच्या दाराशी पाकीट हातात धरून उभा राहिला आणि पोस्टाचा शिक्का दाखवत राहिला. साहेबांनी त्याच्यासाठी वर लिहून बघितलं, पण यादी गेली होती. मी त्याला कॉफी द्यायला गेलो, ती त्यानं घेतली नाही.

साहेब हळू बोलणारे असले तरी हिशेबी माणूस. त्यांनी स्थानिक टपालाची वही मागवली. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला की घेणारा त्या वहीत सही करतो आणि शेवटच्या रकान्यात वेळ घालतो. आमच्या पठ्ठ्यानं आपल्या सुंदर अक्षरात स्वतःच लिहिलं होतं, दहा चाळीस. पोस्टाच्या नोंदीत सव्वा एक. मधले दोन तास पस्तीस मिनिटं कुणीही बघावीत अशी उघडी पडली होती. अकरा पन्नास लिहिलं असतं तर कुणाला कळलं असतं? पण खोटी वेळ लिहिणारा तो नव्हे.

साहेबांनी मला बोलावलं आणि विचारलं, या कागदांबद्दल तुम्ही त्याला काही सूचना दिली होती का? मी म्हणालो, "तातडीचे कागद थांबवायचे नाहीत, अशी सूचना दिलेली आहे." यात एकही शब्द खोटा नव्हता. आणि यापेक्षा मोठी खोटी गोष्ट मी आयुष्यात बोललो नाही. राहुकाळाची तोंडी परवानगी, मी घातलेली अट, खुर्चीला टांगलेला कोट, चिकपेट, जांभळी साडी, हे सगळं मी गिळून टाकलं. साहेबांनी त्याचा लेखी खुलासा मागवला.

खुलासा माझ्याच हातून वर जायचा होता. तो देईपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. मला वाटलं, आता हा सगळं लिहिणार, आणि लिहावंच, असंही मनाच्या एका कोपऱ्यात वाटत होतं. त्यानं दोन ओळी लिहिल्या होत्या. पत्रं माझ्या हातून उशिरा गेली. चूक माझी आहे. बस्स.

मी त्याला बाजूला घेऊन चिडूनच विचारलं की मी जागेवर नव्हतो हे का नाही लिहिलंस? माझा राग कुणावर होता देव जाणे. तो म्हणाला, "तुमचा कोट होता खुर्चीला. म्हटलं, आत्ता येताल. आत्ता येताल म्हणत बारा वाजले. त्यात तुमचं काय लिहायचं?" खरंतर तेव्हा त्याच्या हातात वही होती, शाई होती. स्वतः नंबर घालून मोकळा झाला असता. त्याला माहीत होतं ते. म्हणूनच चूक माझी, असं त्यानं लिहिलं होतं. त्या मास्तरचं नाव तो पुढं कितीतरी दिवस पुटपुटायचा.

खणातला मसुदा मी फाडला नाही. पण पाठवलाही नाही. साहेबांनी सांगितलं की झाल्या प्रकाराचा उल्लेख अहवालात हवा, आणि मी उल्लेख केला. उल्लेखाच्या शेवटी, एकूण कामात अलीकडे सुधारणा आहे, असं एक मुळमुळीत वाक्य जोडलं. माझ्यातल्या तापट माणसानं त्या दिवशी कुठं तोंड लपवलं होतं कोण जाणे. हाताखालच्या माणसावर ओरडायला मला कधी वेळ लागला नाही. साहेबांची खोली वरच्या मजल्यावर, सतरा पायऱ्या. त्या मला त्या पाच आठवड्यांत आपणहून चढवल्या नाहीत. बायकोला मी सगळं सांगितलं तेव्हा ती हसली नाही, रागावलीही नाही. साडीची घडी करून पेटीत ठेवली आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली.

हुकूम आला तोही शुक्रवारी. साहेबांची सही झाली आणि कागद रीतीप्रमाणे खाली जावकात आला, कारण सही झालेला प्रत्येक कागद जावकातच येतो. उमेदवारी असमाधानकारक, सोमवारपासून मूळ अटेंडरच्या जागेवर. एक प्रत त्याला, एक अधीक्षकाला. मी समोरच बसलो होतो. त्यानं कागद वाचला, परत एकदा वाचला, आणि सरळ वही पुढं ओढून टाक दौतीत बुडवला.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. कचेरीत सगळे आपापल्या कागदात तोंड खुपसून बसले होते. मला राहवलं नाही. ज्या गोष्टीची मी गेले काही महिने टिंगल केली होती तीच माझ्या तोंडून निघाली. मी म्हटलं, "आत्ता नको. बारा वाजू दे. नंबर नंतर घाल."

तो टाक तसाच धरून थांबला. मग म्हणाला, "माझंच आहे, सार. दुसऱ्या कुणाचं असतं तर थांबलो असतो."

दोन वर्षांत त्यानं मला पहिल्यांदा अण्णा म्हटलं नाही. नंबर घातला, तारीख घातली, स्वतःच्या प्रतीच्या पाकिटावर स्वतःचं नाव लिहिलं, साध्या अक्षरात, मी सांगितलं होतं तसं. स्थानिक वहीत आपल्या नावापुढं सही केली, वेळ घातली. मग ती वही आणि माझी प्रत घेऊन उठला आणि अटेंडर जसा टेबलाच्या डाव्या बाजूनं येतो तसा येऊन माझ्यासमोर ठेवली. मी सही केली. शेवटच्या रकान्यात वेळ घालायची होती. माझा हात थांबला. तो उभा होता, घाई न करता, चौदा वर्षं उभं राहायची सवय असलेल्या माणसासारखा.

मी लिहिलं, अकरा दहा. त्यानं वही उचलली, शाई वाळेपर्यंत उघडीच धरली, आणि विचारलं की सोमवारी घालायला खाकी कोट कचेरीतून मिळेल का, घरी नाही.